टिपिंग पॉइंटचा कौल

पृथ्वीच्या इतिहासात असे क्षण फार थोडे येतात, की ज्यांच्या अलीकडे एक जग असतं आणि पलीकडे दुसरंच. असा एक क्षण पेडणे तालुक्यातल्या कोरगावात, देवळाच्या मंडपात, रविवारी सकाळी ठीक अकरा वाजता समजावून सांगितला जाणार होता. पावणेबारापर्यंत तो कोणी सांगितला नाही, कारण अध्यक्ष कृष्णनाथ यांचे उंडे संपले नव्हते. उंडे म्हणजे पोदेराच्या, पाववाल्याच्या, भट्टीतले गोल, कडक पाव. ते पातळ भाजीत बुडवून मऊ व्हायला वेळ लागतो, आणि कृष्णनाथांना घाई करणारा माणूस कोरगावात अजून जन्मायचा होता.

कृष्णनाथ हे खाजन कमिटीचे अध्यक्ष. खाजन म्हणजे खाडीकाठचं असं शेत, जे भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असतं आणि तरीही बुडत नाही, कारण मध्ये मातीचा बांध असतो. त्या बांधात एके ठिकाणी पाण्याची वाट ठेवलेली असते, तिला मानस म्हणतात, आणि मानशीला लाकडी दार असतं. भरती आली की पाण्याच्या दाबानं दार आपोआप बंद होतं, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतं. त्याला वीज लागत नाही, माणूस लागत नाही, कमिटीही लागत नाही. म्हणूनच बहुधा कमिटीचं त्याच्याकडे कधी लक्ष गेलं नाही.

हे दार दोन वर्षांपूर्वी नाहीसं झालं.

ते पहिल्यांदा लक्षात आलं पद्मावतीच्या. मानशीला लागून पहिलं शेत तिचं. त्यात ती कोरगुट लावते. हे भात खारं पाणी सोसतं. पण सोसण्यालाही मर्यादा असते. ते भात आहे, सून नव्हे. पहिल्या वर्षी पीक अर्धं आलं, दुसऱ्या वर्षी कोंबड्यांपुरतं.

पद्मावतीनं अर्ज केले. पहिला कमिटीला. कमिटी म्हणाली, कोणीतरी दार दुरुस्तीला नेलं असेल, आणून देईल. दुसरा तालुक्याच्या कचेरीला. कचेरीनं कळवलं, "नोंदवहीनुसार सदर मानशीस दार आहे. दार असलेल्या मानशीस दुसरे दार देण्याची तरतूद नाही." तिसऱ्या अर्जाला तिनं मानशीचा फोटो जोडला. उत्तर आलं, "फोटोत दार दिसत नाही. सबब हा फोटो सदर मानशीचा नाही."

दरम्यान कृष्णनाथांनी वर्तमानपत्रात वाचलं, की जगाचं हवामान एका 'टिपिंग पॉइंट'जवळ आलं आहे, म्हणजे एक रेषा ओलांडली की मग माघार नाही. त्यांना एकदम उलगडा झाला. कोरगावच्या खाजनात पाणी का येतं? समुद्र चढला म्हणून. समुद्र का चढला? जगामुळे. हे कारण इतकं मोठं होतं, की त्यापुढे दार फारच किरकोळ दिसू लागलं. कमिटीनं ठराव केला, बांध उंच करायचा. किती उंच, ते शास्त्रज्ञांना विचारायचं.

पणजीकडच्या एका संस्थेतून दोन शास्त्रज्ञ आले. डॉ. सुधीर आणि डॉ. स्वाती. दोघांची टेबलं एकाच खोलीत, दोघं आले एकाच जीपमधून, आणि म्हापशापासून कोरगावपर्यंत दोघांचं एकाही वाक्यावर एकमत झालं नव्हतं. ड्रायव्हरनं जीप सावलीत लावली आणि कानात कापूस घालून झोपला.

मंडपात बाक एकच होता. पण काय बाक! तीन इंच जाडीची काळी, वजनदार फळी, खाली चार पाय, आणि पुढच्या कडेला पांढऱ्या ऑइलपेंटनं अक्षरं: 'कै. मधुकर यांच्या स्मरणार्थ सुपुत्र कृष्णनाथ यांजकडून सप्रेम भेट.' एका टोकाला सुपुत्र स्वतः बसले, मध्ये डॉ. स्वाती, दुसऱ्या टोकाला डॉ. सुधीर. बाकीचं गाव सतरंजीवर. बसतानाच स्वातीबाईंची ओढणी बाकाखाली कशाला तरी अडकून फाटली. सुधीरनं बाक पुढे ओढायला खाली हात घातला आणि बोट कापून घेतलं.

"याला खालून काय आहे?" त्यानं बोट तोंडात धरून विचारलं.

"जुना लाकूड, डॉक्टर," कृष्णनाथ अभिमानानं म्हणाले. "अनुभवी असा."

सुधीर उभा राहून बोलला. अंटार्क्टिकाच्या पश्चिमेला बर्फाचा डोंगर समुद्रात पाय टाकून बसला आहे. खालचं पाणी कोमट होतंय. एका मर्यादेपर्यंत तो टिकेल, मर्यादा ओलांडली की घसरणं सुरू, आणि मग पुन्हा गारठा आणलात तरी तो जागेवर येणार नाही. म्हणून बांध आत्ताच दीड मीटर उंच करा.

मग स्वाती बोलली. बर्फ वितळतोय, समुद्र चढतोय, याबद्दल वाद नाही. पण ती मर्यादा नेमकी कुठे, किती वर्षांत, हे कोणालाच ठाऊक नाही. आणि अमुक एक रेषा आहे असं सांगितलं, की लोक तिच्या अलीकडे निवांत झोपतात. नुकसान तर दर पावलाला होतंय. म्हणून यंदा एक वीत चढवा, पाणी मोजा, पुन्हा चढवा.

"लोक निवांत झोपत नाहीत," सुधीर म्हणाला. "रेषा सांगितली की जागे होतात."

स्वातीनं सतरंजीकडे बोट दाखवलं. तिसऱ्या रांगेत दोघं घोरत होते.

पद्मावती उठली. "माका इचारूचा असा. बांध दीड मीटर चढवल्यार त्येचो पायो किती रुंद?"

"सहा-सात मीटरनं वाढेल," सुधीर म्हणाला.

"तो पायो बसतलो खंय? माझ्या शेतात. म्हणजे तीनातले दोन वाटे शेत गेला. आनी बाईंची वीत धरली, तर पानी येता तसाच येतला. म्हणजे भात गेला. एकात शेत जाता, दुसऱ्यात भात जाता. माका तुमचो टिपिंग पॉइंट नको. माका मानशीचा दार व्हया."

"पद्मावतीबाय, दार अजेंड्यावर नाय," कृष्णनाथ म्हणाले.

"बाईंचं उदाहरण चांगलं आहे," सुधीर म्हणाला. त्यानं तिचं नीट ऐकलंच नव्हतं. "दार उघडं राहिलं की व्यवस्था एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत—"

"उघडा नाय हो! नायच असा! दारच नाय!"

"अगदी बरोबर. परतीचं दारच नाही."

पद्मावतीनं पदर खोचला. "बरां. मग माका एक सांगा. माझो घोव पंचवीस वर्सां आमटी खारट म्हणून कधी बोललो नाय. एक दिवस ताट भिरकावल्यान आनी बहिणीकडे कारापूराक गेलो. ह्यो तुमचो टिपिंग पॉइंट?"

"उत्तम उदाहरण," सुधीर म्हणाला.

"पंचवीस वर्षं मीठ रोज थोडं थोडं साठत होतं ना?" स्वाती म्हणाली. "मग त्या एका दिवसाला कशाला मान देता?"

"तीन दिसांनी परत ईलो," पद्मावती म्हणाली.

"परत आले? मग तो टिपिंग पॉइंट नव्हेच," सुधीर जरा हिरमुसला.

"काही टिपिंग पॉइंट परत फिरतात," स्वाती म्हणाली. प्रतिपक्षाला सुधारण्यासाठी ती त्याची बाजू घ्यायलाही तयार होती.

"ईलो. पण पूर्वीसारखो नाय ईलो. अजून आमटी आधी बोटान चाखता."

सुधीर ताडकन सरळ झाला. "याला हिस्टेरिसिस म्हणतात!"

"आमी रुसवो म्हणतो," पद्मावती म्हणाली. "दाराचा काय?"

दुपारचा दीड वाजला. गावानं दोन्ही बाजू पोटभर ऐकल्या आणि दोन्ही पटल्या. मंडपाच्या उजवीकडचे लोक म्हणू लागले दीड मीटर, डावीकडचे म्हणू लागले वीत. मधले म्हणू लागले जेवण. तेव्हा कृष्णनाथांनी अध्यक्षीय हात वर केला.

"दोगय डॉक्टर शिकलेले. एकाक खरो म्हटलो, तर दुसऱ्याक वायट दिसतला. देवाक विचारूया."

यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. लग्न असो, विहीर असो, मुलाची वास्कोची नोकरी असो, गोव्यात देवाला कौल लावूनच माणूस पाऊल उचलतो. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी आधी पडते की डावी, ते बघायचं.

गुरव गोकुळदास यांनी सोवळं नेसलं आणि अट घातली. "डॉक्टर, देवाक प्रश्न सुटसुटीत व्हयो. म्हशीक शोधूक उत्तरेक जावचा की दक्षिणेक, असो. 'शक्यता', 'मध्यम विश्वास', असला देवाकडे चलना नाय."

"हे विज्ञान नाही," सुधीर म्हणाला.

"अजिबात नाही," स्वाती म्हणाली. दिवसभरातलं त्यांचं हे पहिलं एकमत. मग दोघं प्रश्न कसा मांडावा यावर अर्धा तास भांडले.

"बर्फाचा उंबरठा दोन अंश तापमानवाढीच्या आत आहे का, असं विचारा," सुधीर म्हणाला.

"आत म्हणजे कधीपासून मोजून? आणि किती शतकांत?"

"बाई," गोकुळदास कळवळून म्हणाले, "देवाक संध्याकाळच्या आरतेक मोकळो करूक व्हयो."

शेवटी उजवी पाकळी सुधीरची ठरली, डावी स्वातीची. गोकुळदासांनी पाकळ्या पाण्यात भिजवून लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं: बा देवा म्हाराजा, जगाचो बरफ एकदम पडतलो काय हळूहळू, ता तुका ठावक, आमी अज्ञान लेकरां, शिकलेलीं धरून.

गाव श्वास रोखून बसलं. पाकळ्या पडेनात.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. विज्ञान नसलेल्या या गोष्टीकडे दोन्ही शास्त्रज्ञ हळूहळू पुढे झुकू लागले.

"उजवी थरथरतेय," सुधीर कुजबुजला. "उंबरठा जवळ आला की व्यवस्था आधी अशीच थरथरते. हा पूर्वसंकेत."

"ती पंख्यानं थरथरतेय."

पंखा बंद केला. थरथर थांबली.

"बघितलंत?" स्वाती म्हणाली.

"वादळापूर्वीची शांतता," सुधीर म्हणाला.

स्वाती बाकावरून उठली, पर्समधली पट्टी काढून गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली आणि पाच-पाच मिनिटांनी आकडे लिहू लागली. डावी पाकळी केसभर खाली आली होती. पुन्हा केसभर. डावीकडच्या लोकांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. बाकावर आता दोघंच उरले होते. डाव्या टोकाला सुधीर, उजव्या टोकाला कृष्णनाथ. आणि कृष्णनाथांना मूर्ती नीट दिसत नसल्यामुळे ते पावणेबारापासून टोकाकडे सरकत चालले होते. शरीर एकशे दहा किलोचं, त्यातलं निम्मं आता बाकाच्या बाहेर.

"गोकुळदासा, पाकळ्यो सुकल्यो तर?" पद्मावतीनं विचारलं.

"सुकल्यो तर देव उत्तर देऊक राजी नाय असा समजूचा."

"म्हणजे कचेरीसारखा."

इतक्यात उजव्या पाकळीचं टोक सुटलं. स्पष्ट सुटलं, अख्ख्या गावानं पाहिलं. सुधीर आनंदानं ओरडत उभा राहिला.

तो उभा राहिला, आणि बाकाचं ते टोक रिकामं झालं. दुसऱ्या टोकाला एकशे दहा किलोंचे अध्यक्ष होते. बाक एखाद्या म्हशीनं मान उडवावी तसा उडाला, सुपुत्र जमिनीवर गेले, सप्रेम भेट त्यांच्या पायांवर उलटी पडली, आणि मंडप असा हादरला की समईची वात विझली. गावानं मागे वळून कृष्णनाथांकडे पाहिलं. पुन्हा पुढे वळून मूर्तीकडे पाहिलं. दोन्ही पाकळ्या खाली पडल्या होत्या.

"आधी खंयची पडली?" कोणीतरी विचारलं.

गोकुळदास अपराधी चेहऱ्यानं म्हणाले, "मी अध्यक्षांका बघी होतंय."

अध्यक्षांना उचलायला कोणी पुढे येण्याआधी सुधीरनं दोन्ही हात पसरले. "बघितलंत? आत्ता होतं, आत्ता नाही! एका क्षणात!"

"एका क्षणात?" स्वाती वही उघडून म्हणाली. "ते पावणेबारापासून सरकत होते. जवळजवळ दोन वीत सरकले. माझं लक्ष होतं."

"मगे सांगूक काय झालेला?" कृष्णनाथ जमिनीवरून कण्हले.

"अनिश्चितता होती," स्वाती म्हणाली.

पद्मावती मात्र या दोघांकडे बघत नव्हती. ती उलट्या पडलेल्या बाकाकडे बघत होती. फळीची खालची बाजू दोन वर्षांत पहिल्यांदाच उजेडात आली होती. तिला कालवांच्या शिंपल्या चिकटलेल्या होत्या, काही अजून सुरीसारख्या धारदार. एका कडेला दोन गंजक्या बिजागऱ्या होत्या. मध्ये दोर ओवायची लोखंडी कडी.

"दार," पद्मावती म्हणाली.

"पद्मावतीबाय," कृष्णनाथ कळवळत म्हणाले, "दार अजेंड्यावर नाय, म्हणून कितीदा सांगू?"

"अजेंड्यावर नाय. तुमच्या पायांवर असा."

मंडपात अशी शांतता पसरली, की जीपच्या ड्रायव्हरला कापसातून जाग आली.

शेजारच्या इमारतीच्या कामावरून भैरूला बोलावलं. भैरू सुतार, मूळचा कोल्हापूरकडचा, पायाला भुसा तसाच. त्यानं बाक उलटा पाहिला आणि ओळखला.

"व्हय, पाय मीच ठोकल्यात. जत्रेच्या नाटकानंतर. फळी हितंच पडली व्हती. अध्यक्ष म्हनाले, चांगली जड हाय, बाक कर. टोकापासून जरा आत ठोकलं पाय, लाकूड टणक व्हतं."

"भैऱ्या, ती फळी न्हय रे, ता मानशीचा दार!"

"मला काय म्हायती?" भैरू म्हणाला. "आमच्याकडं दार घराला असतंय. पान्याला कोन दार लावतंय?"

मग हळूहळू गावाला आठवू लागलं. दोन वर्षांपूर्वीच्या जत्रेच्या नाटकात राजाच्या भूमिकेत कृष्णनाथ होते. सिंहासनाकडे जाताना रंगमंच त्यांच्याखाली वाकू लागला, म्हणून पहिल्या अंकानंतर ते पडद्याआडून ओरडले होते, "घट्ट फळी हाडा रे खंयसून तरी! एका रातीपुरती!" चारजण धावले होते आणि खाडीकडून एक घट्ट फळी घेऊन आले होते. राजा त्या फळीवर दुसरा आणि तिसरा अंक ठामपणे उभा राहिला, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सकाळी सगळे इतके दमलेले होते की एका रातीपुरती म्हणजे कुठल्या रातीपुरती, हे कोणी विचारलं नाही.

"मी चांगल्या भावनेन केलंय," कृष्णनाथ म्हणाले. "बापायचा नाव घातलंय."

"तुमच्या बापायन ह्या दार चाळीस वर्सां सांभाळल्यान," पद्मावती म्हणाली. "नाव चुकलेला नाय."

सवाचारला ओहोटी होती. भैरूनं पाय उपटले, खोबरेल तेल घालून बिजागऱ्या मोकळ्या केल्या, आणि सहाजणांनी दार बांधावरून मानशीपर्यंत वाहून नेलं. डॉ. सुधीरनं एक कोपरा धरला, डॉ. स्वातीनं दुसरा. दार बसवताना वर-खाली किती सरकवायचं यावर त्यांचा किंचित मतभेद झाला. सुधीरचं म्हणणं, एकदम दाबा. स्वातीचं म्हणणं, थोडं थोडं. भैरूनं दोघांना बाजूला व्हायला सांगितलं आणि हातोड्याचा एक ठोका दिला.

संध्याकाळी भरती आली. पाणी चढत चढत दारापर्यंत आलं, दाराला टेकलं, आणि दार आपोआप बंद झालं. पद्मावती बांधावर उकिडवी बसून बघत होती. तिच्या बाजूला एक थेंब आला नाही. ओहोटीला दार उघडतं तेव्हा शेताच्या बाजूनं अक्षरं दिसतात, की हे दार कृष्णनाथ यांजकडून सप्रेम भेट आहे. त्याला तिनं हरकत घेतली नाही.

परतीच्या जीपमध्ये दोन्ही शास्त्रज्ञांनी कबूल केलं, की समुद्र चढतोच आहे, बांध कधीतरी वाढवावा लागेलच, आणि सगळ्यात आधी दार लावलं हे बरं केलं. यापुढच्या मुद्द्यावर म्हापशाच्या अलीकडेच वाद सुरू झाला. कमिटीच्या वहीत नोंद आहे: "टिपिंग पॉइंटबाबत देवाचा कौल स्पष्ट नाही. अध्यक्षांच्या पायास सूज. बांधाचा विषय पुढील बैठकीत."

दहा दिवसांनी पद्मावतीच्या तिसऱ्या अर्जाची फेरतपासणी करायला कचेरीतून माणूस आला. तो बांधावरून चालत गेला आणि त्यानं पाहिलं. मानशीला दार होतं.